‘पूर्ण वाक्यात सांग’ हा हट्ट सोडूया

पहिलीचा वर्ग गोंदियातला मराठी माध्यमाचा असो की राज्याची हद्द ओलांडून मध्य प्रदेशातल्या मलाजखंडमधला हिंदी माध्यमाचा, एक संवाद दोन्हीकडे सारखाच ऐकू येतो. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून बाई विचारतात, ‘झाडावर कोण बसलंय?’ मूल म्हणतं, ‘माकड.’ बाई म्हणतात, ‘असं नाही, पूर्ण वाक्यात सांग.’ मूल गोंधळतं, मग बाई स्वतःच वाक्य सांगतात आणि सगळा वर्ग ते सुरात म्हणतो. बाईंच्या हेतूत खोट काढण्याचं कारण नाही. मुलांना नीट, पुरं बोलता यावं एवढंच त्यांना हवं असतं. पण या खटाटोपातून मुलाच्या पदरात काय पडलं, हे पाहिलं तर फारसं काही सापडत नाही. ‘माकड’ हे उत्तर पुरं होतं. चहा कोणी केला असं विचारल्यावर मोठी माणसंही ‘सुनेनं’ एवढंच म्हणतात, आणि त्यांना कोणी अडवत नाही. माझं म्हणणं असं आहे की लहान मुलाला वाक्य रचायला शिकवायचं असेल, तर त्याच्याकडून वाक्यं वदवून घेणं थांबवायला हवं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही आहे आणि ते ऐकणाऱ्याला ठाऊक नाही, अशी वेळ रोज त्याच्यावर यायला हवी. आणि ही वेळ आधी त्याच्या घरच्या भाषेत यायला हवी.

मुळात वाक्य पुरं होतं कशानं? मराठीत ‘आली’ हे एका क्रियापदाचं वाक्य पुरं आहे. येणारी एक आहे, ती कोणी मुलगी, बाई किंवा गाय आहे, आणि येणं घडून गेलं आहे, हे सगळं त्या दोन अक्षरांत आलं. ‘जेवलो’ म्हटल्यावर ‘मी’ जोडण्याची गरज नसते, आणि तीन वर्षांचं मूलही ही सोय बिनदिक्कत वापरतं. शब्द वाढवले की वाक्य पुरं होतं, ही समजूत स्वाध्यायपुस्तिकेतून आलेली आहे. ‘रिकाम्या जागा भरा’ आणि ‘शब्द योग्य क्रमाने लावून वाक्य तयार करा’ हे त्या पुस्तिकांचे दोन ठरलेले प्रश्न. त्यातला दुसरा तर मराठीच्या स्वभावाशीच भांडतो. ‘मी आंबा खाल्ला’, ‘आंबा मी खाल्ला’, ‘खाल्ला मी आंबा’ ही तिन्ही वाक्यं रोजच्या बोलण्यात येतात, प्रत्येकाचा रोख निराळा असतो. वहीत मात्र एकावरच बरोबरची खूण पडते. मुलाला खरोखर अवघड जातं ते वेगळंच. ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘मी पोळी खाल्ली’: खाणारा तोच, तरी क्रियापद बदलतं ते खाल्लेल्या वस्तूमुळे. त्याहून अवघड आहे ते एक गोष्ट दुसरीला जोडणं. ‘आई पाणी आणून स्वयंपाकाला लागली’, ‘पाऊस आला म्हणून आम्ही गेलो नाही’, ‘जो मुलगा काल पडला तो आज आलाच नाही’. क्रम लावणारी, कारण देणारी, अट घालणारी अशी वाक्यं समजली नाहीत, तर पुढे विज्ञानाचा धडा वाचता येऊनही कळत नाही. झाडावरच्या माकडाचं वाक्य शंभरदा म्हणवून यातलं एकही जुळवायला येत नाही.

समजा, पाच वर्षांची एक मुलगी अंगणवाडीत येऊन म्हणते, ‘आजी... बाजार... कोंबडी.’ तीन नामं, क्रियापद नाही. ‘नीट सांग बरं’ म्हटलं तर ती बहुतेक गप्प होईल. त्याऐवजी ताई म्हणतात, ‘आजीनं बाजारातून कोंबडी आणली?’ मुलगी जोरात मान हलवते, ‘नाही, विकली!’ ‘विकली? का गं?’ ‘अंडी देत नव्हती. आजी म्हणते, नुसती खाते.’ एवढंसं हे बोलणं, पण त्यात किती घडलं पाहा. ताईंनी मुलीचे तीन सुटे शब्द प्रत्यय लावून, जुळवून तिला परत दिले. अंदाज चुकला म्हणून नेमकं हवं ते क्रियापद मुलीला स्वतःच आणावं लागलं. ‘का’ विचारल्यावर कारण आलं, आणि आजीचं म्हणणं सांगताना एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य आलं. चित्र नाही, पुस्तिका नाही, फळा नाही. हे जमलं याचं कारण एकच: कोंबडीचं काय झालं हे ताईंना खरोखर ठाऊक नव्हतं. झाडावरचं माकड बाईंनाही दिसतंय आणि मुलालाही. मग सांगायचं कोणी आणि कोणाला? ज्या बोलण्याला श्रोता नाही, ते बोलणं मूल लांबवत नाही, आणि लांबवू नये हेच शहाणपणाचं आहे.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांच्या बोलण्याच्या नोंदी कित्येक महिने ठेवल्या होत्या. त्या नोंदी तपासून ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० मध्ये जे मांडलं, ते बालभाषेच्या अभ्यासात आजही उद्धृत होतं: आईबाप मुलाचं व्याकरण क्वचितच दुरुस्त करतात, ते दुरुस्त करतात मुलानं सांगितलेली गोष्ट खरी की खोटी हे. वाक्य वेडंवाकडं असलं तरी गोष्ट खरी असेल तर आई ‘हो रे राजा’ म्हणते, आणि तरीही मुलं पुढे व्याकरणशुद्ध बोलू लागतात. लंडनमध्ये बार्बरा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या तीस मुलींचं बोलणं घरी आणि बालवाडीत ध्वनिमुद्रित केलं. ते पुस्तक १९८४ मध्ये आलं. घरी या मुली आईला प्रश्नामागून प्रश्न विचारत, एकाच विषयावर रेंगाळत. बालवाडीत त्याच मुली त्रोटक उत्तरं देणाऱ्या झाल्या होत्या, कारण तिथे प्रश्न विचारणं हे बाईंचं काम होतं. कामगारवस्तीतल्या मुलींबाबत हा फरक अधिक ठळक होता, आणि त्यांना बोलता येत नाही असा समज बालवाडीच्या बाईंनी करून घेतला होता. तिसरा पुरावा मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असं त्यात आढळलं. हे थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, ‘ठाऊक नाही’ म्हणणं कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. दोन सेकंदांचा हा बदल. त्याला अनुदान लागत नाही.

आता हे सगळं मलाजखंडला नेऊन पाहिलं तर प्रश्नाची खरी खोली दिसते. बालाघाट जिल्ह्यातलं हे गाव हिंदुस्तान कॉपरच्या खाणीमुळे ओळखलं जातं. देशातली तांब्याची ही सर्वांत मोठी खाण १९८२ पासून सुरू आहे. सार्वजनिक उपक्रमाची वसाहत म्हटली की देशभरातून आलेली कुटुंबं आलीच. वसाहतीच्या बाहेर पडलं की बैहर-बिरसाचा सातपुड्यातला डोंगराळ मुलूख लागतो. तिथे गोंडांची गोंडी आणि छत्तीसगढीशी नातं सांगणारी बैगांची बोली. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात वारासिवनी, कटंगी, लांजीकडे पोवारी, आणि तिच्या सोबतीला मराठी. १९५६ पर्यंत बालाघाट, भंडारा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. गंमत अशी की राज्यपुनर्रचनेसाठी झालेल्या त्याच सातव्या घटनादुरुस्तीनं घटनेत ३५०-अ हे कलम घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रत्येक राज्यानं प्रयत्न करावा. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असंच म्हणतो. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांवर आणि देशभरात गोंडी सांगणारे जवळपास ३० लाख लोक होते. पोवारीला तर जनगणना हिंदीच्याच खात्यात टाकते. कागदावर मुलाची भाषा आणि शाळेची भाषा अशी एक होऊन जाते, वर्गात होत नाही.

पहिलीत बसलेल्या गोंड मुलापुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे व्याकरणाच्या अंगानं एकदा बघण्यासारखं आहे. गोंडी द्राविडी कुळातली, तमिळ-तेलुगूची नातलग. तिच्यात पुरुष एका गटात येतात, आणि बायका, जनावरं, वस्तू असं बाकीचं सगळं दुसऱ्या गटात. हिंदीत मात्र दरवाजा पुल्लिंगी आणि खिडकी स्त्रीलिंगी. त्याला कारण काही नाही, पाठच करायचं. गोंडीत क्रियापद नेहमी करणाऱ्याप्रमाणे चालतं. हिंदीत भूतकाळ आला की ‘मैंने रोटी खाई’, म्हणजे खाणाऱ्याला बाजूला सारून क्रियापद रोटीच्या मागे जातं. हे मूल ‘मैं रोटी खाया’ म्हणालं, तर त्यानं वाक्य बिघडवलेलं नाही. आपल्या भाषेचा सरळ नियम त्यानं नव्या भाषेला लावून पाहिला आहे. (छत्तीसगडपासून नागपूरपर्यंतच्या बाजारी हिंदीत मोठी माणसंही असंच बोलतात आणि व्यवहार अडत नाहीत.) अशा मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘पूर्ण वाक्यात सांग’ म्हणणं म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी मागणं: नवे शब्द, नवं व्याकरण आणि चारचौघांत उभं राहून बोलण्याचं धाडस. त्यातलं तिसरं सगळ्यांत आधी गळतं. मूल गप्प होतं आणि प्रगतिपुस्तकात ‘मंद’ ठरतं. तेच मूल घरी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचायला जातं, आणि कुठल्या झाडाखाली जास्त पडली, ती वाळवली कशी, पावसानं भिजली म्हणून भाव कसा पडला, हे आपल्या भाषेत क्रमानं, कारणांसकट सांगू शकतं. म्हणजे गुंतागुंतीचं वाक्य त्याला येतं. ते विचारणारं शाळेत कोणी नसतं.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला एक आठवण करून द्यायला हवी. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासननिर्णय निघाला, जूनमध्ये सुधारून पुन्हा निघाला, आणि २९ जूनला सरकारनं दोन्ही निर्णय मागे घेतले. मधल्या काळात आपण सगळे एका सुरात काय म्हणत होतो? सहा वर्षांच्या मुलाची आधी स्वतःच्या भाषेत मांड बसू द्या, दुसरी भाषा नंतर. तो मुद्दा बरोबर होता. पण तो मुंबई-पुण्याच्या मराठी मुलापुरताच बरोबर असू शकत नाही. तो मलाजखंडच्या पोवारी आणि मराठी मुलाला लागू होतो, बैहरच्या बैगा मुलाला लागू होतो, आणि गडचिरोलीत मराठी शाळेत बसलेल्या माडिया-गोंड मुलालाही होतो. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली, तेव्हा शिक्षण खात्यानं तिच्याकडे अनधिकृत शाळा म्हणून पाहिलं. मातृभाषेचा आग्रह आपल्या भाषेपुरता धरायचा आणि शेजारच्या भाषेची गोष्ट निघाली की नियमावली काढायची, हे काही शोभत नाही.

सरकारी पातळीवर ध्येयांची कमतरता नाही. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत हे केंद्राचं अभियान सुरू झालं. मध्य प्रदेशात त्याचं नाव मिशन अंकुर. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे उद्दिष्ट. त्यासाठी ठरलेल्या कसोट्यांमध्ये पहिलीच्या मुलानं चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचावीत, तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, असं आहे. ‘असर’ या ग्रामीण शैक्षणिक पाहणीत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण २०२२ मध्ये २०.५ टक्के होतं, २०२४ मध्ये ते २७.१ टक्क्यांवर आलं. सुधारणा झाली, ती नाकारू नये. तरीही चारातली जवळपास तीन मुलं मागेच आहेत. माझी हरकत मापाला आहे. निपुणच्या दस्तऐवजात मौखिक भाषाविकासाला जागा आहे, पण घड्याळ लावून मोजले जातात ते वाचलेले शब्द. अधिकारी जे मोजतो तेच शिक्षक शिकवतो. त्यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. मूल स्वतःहून किती लांब, किती जोडलेलं बोललं हे कोणीच विचारत नसेल, तर त्यावर वेळ कोण घालवणार? मिनिटाला साठ शब्द वाचूनही त्या साठ शब्दांची गोष्ट स्वतःच्या चार वाक्यांत सांगता येत नसेल, तर ते वाचन तोंडाचंच राहतं.

यावर पहिला आक्षेप लिखाणाचा येतो, आणि तो वजनदार आहे. बोलताना ‘माकड’ चालेल, पण परीक्षेत, अर्जात, पत्रात तुटक लिहून कसं चालेल? पुऱ्या वाक्याची सवय लहानपणी लावायची नाही तर कधी? लिखाणात पुरं वाक्य लागतं हे खरंच आहे, कारण वाचणारा समोर नसतो; त्याला ‘काय म्हणालास?’ असं विचारता येत नाही. पण हीच गरज मुलाला अनुभवाला आणून देता येते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी छापील पुस्तकं बाजूला ठेवली आणि मुलांच्या तोंडून आलेले, त्यांच्या जिव्हाळ्याचे शब्द लिहून त्यांवरच वाचन उभं केलं. त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ चं. तोच धागा आपल्याकडे असा पुढे नेता येईल: मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं, आणि मग काल न आलेल्या मुलाला ते वाचून दाखवायचं. मलाजखंडचं मूल सांगतं, ‘आला, मोठा, सगळी धूळ.’ काल न आलेला मुलगा विचारतो, ‘कोण आला?’ मूल म्हणतं, ‘डंपर!’ ते वाक्यात घातलं जातं. ‘कुठे आला?’ तेही घातलं जातं. चार प्रश्नांत फळ्यावरचं वाक्य पुरं होतं, ‘पूर्ण वाक्यात सांग’ असं एकदाही न म्हणता. आणि वाक्यात कर्ता का लिहायचा, हे मुलाला आता माहीत असतं. चुकांचंही तसंच. चूक सोडून द्यावी असं मी म्हणत नाही. ‘मैं रोटी खाया’ला ‘अच्छा, तूने रोटी खाई? किसके साथ?’ असं उत्तर द्यावं. बरोबर रूप कानावर पडलं, आणि बोलणं थांबलंही नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो ऐकताना त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. शिक्षणहक्क कायदा तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. पाड्यावरच्या लहान शाळेत पट कमी असला, तरी एक-दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात. त्यांनी प्रत्येकाची आजी आणि कोंबडी ऐकायची कधी? सगळ्यांचं रोज ऐकणं शक्य नाही, हे मान्य. पण सगळ्यांचं रोज ऐकायचंच नाही. पाच मुलांचा गट घेऊन दहा मिनिटं बसलं, बाकीची चित्र काढत किंवा मोठ्या मुलांबरोबर वाचत असली, तर आठवड्यात प्रत्येकाची पाळी येते. सुरात म्हणण्यात आज जो वेळ जातो, त्यातूनच ही दहा मिनिटं निघतील. बहुभाषक वर्गात मोठी मुलं हीच दुभाषी असतात. चौथीची गोंड मुलगी पहिलीच्या मुलाचं म्हणणं हिंदीत सांगते, तेव्हा दोघांचीही वाक्यं पक्की होतात. आणि अंगणवाडीच्या बाबतीत तर अर्धं काम आधीच झालेलं आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून कार्यकर्ती गावातलीच असावी, असा दंडक आहे. तिला मुलांची भाषा येते! त्या योजनेनं उचललेला ‘अंगणवाडी’ हा शब्दच ताराबाई मोडकांचा. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे केलं, त्यातला मोठा भाग साधा होता: मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर न्यायची, आणि त्याच्या आजूबाजूला जे आहे त्यातूनच शिकवायचं. आजच्या कार्यकर्तीचा वेळ मात्र ‘पोषण ट्रॅकर’ या अॅपवर नोंदी भरण्यात जातो. २०२३ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘पोषण भी, पढाई भी’ची घोषणा झाली, त्यातल्या पढाईत गप्पा हा विषय मोजून धरला, तर तिच्या हाती असलेली भाषा कामी येईल.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो भावनेचा नाही, भाकरीचा आहे. मलाजखंडच्या आसपासच्या बापाला ठाऊक असतं की खाणीत, बँकेत, तहसील कचेरीत हिंदी चालते. मुलगा गोंडी किंवा पोवारी बोलत राहिला तर दारातच अडेल. म्हणून काही घरांत मुलांशी मुद्दाम मोडकी हिंदी बोलली जाते, शहरांत मराठी आईबाप मुलांशी इंग्रजी बोलतात तशी. या पालकांना भाषाप्रेमाचे डोस पाजण्यात हशील नाही. त्यांना सांगायची गोष्ट व्यवहाराची आहे. कारण सांगणं, क्रम लावणं, अट घालणं ही क्षमता मूल एकदाच कमावतं; ती एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेत फक्त नवे शब्द आणि नवे प्रत्यय शिकायचे उरतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा परस्परावलंबनाचा सिद्धांत मांडला आणि जगभरच्या द्विभाषिक शिक्षणाचा तो आधार झाला. ज्या आईला हिंदी चार-दोन वाक्यांपुरतीच येते, ती मुलाशी हिंदी बोलायला लागली की मुलाला चार-दोन वाक्यांचीच भाषा मिळते. तिनं आपल्या भाषेत भांडावं, गोष्ट सांगावी, बाजाराचा हिशेब मुलासमोर मोठ्यानं करावा. हिंदी शाळेत येणारच आहे, आणि यायलाच हवी.

एका बाबतीत मात्र नुसतं ऐकत बसून चालणार नाही. दोन वर्षांचं मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नये. आधी कान तपासावेत. २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात ऐकण्यातल्या आणि विकासातल्या अशा अडचणींची तपासणी अंगणवाडीतच मोफत होते. आणि दोन भाषांच्या घरात वाढलं म्हणून मूल मुकं राहत नाही. हा गैरसमज ज्यांनी पसरवला त्यांनी बरंच नुकसान केलं आहे.

बालाघाटच्या जिल्हा शिक्षण केंद्राकडे आणि सीमेअलीकडच्या गोंदिया, गडचिरोलीच्या जिल्हा परिषदांकडे यासाठी फार मोठं मागणं नाही. बैहर, बिरसा, देवरी, धानोरा अशा भागांत पहिली-दुसरीच्या वर्गाला मुलांची बोली जाणणारा एक मदतनीस द्यावा. निपुणच्या चाचणीत वाचनाच्या घड्याळाबरोबर एक प्रश्न असा घालावा की मुलानं त्याला हवी ती गोष्ट त्याला हव्या त्या भाषेत सांगावी, आणि त्यानं किती गोष्टी एकमेकींना जोडल्या याची नोंद व्हावी. शिक्षक प्रशिक्षणात ‘रिकाम्या जागा’ कशा काढाव्यात यापेक्षा प्रश्नानंतर तीन सेकंद कसं थांबावं, याचा सराव व्हावा. आणि पालकांनी पुढच्या सभेत गणवेश आणि खिचडी यांच्या बरोबरीनं बाईंना एवढं विचारावं: या आठवड्यात माझं मूल वर्गात स्वतःहून काय बोललं?